भात, भात, मुलगी

१

माझ्या सासऱ्यांना वाचता येत नव्हतं. डोमा रामटेके त्यांचं नाव. उमेदीची सगळी वर्षं मँगनीजच्या खाणीत गेली आणि खाणीने त्यांचे कान नेले. त्यामुळे फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडून नुसता आरडाओरडा. सासूबाई वारल्यावर ते सिहोऱ्याच्या घरात एकटेच राहिले. मुलगा अंकुश पुण्यात, आणि मुलगी रश्मी, म्हणजे माझी बायको, इकडे भंडाऱ्यात. 'आमच्याकडे या' असं दोघांनीही म्हणून झालं होतं. ते येणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तर इतक्या मोकळ्या मनाने म्हणता आलं.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एक जुना फोन नीट करून मी त्यांना नेऊन दिला. रश्मी एका शाळेत केजीच्या पोरांना शिकवते. चित्र दाखवायचं आणि ओळखायला लावायचं, हे तिचं रोजचंच काम. तिने बापाला अंगणात बसवून इमोजी शिकवले. सूर्य आणि चहाचा कप म्हणजे उठलो, चहा घेतला. वाटीतला भात आणि अंगठा म्हणजे जेवलो. गोळीचं चित्र म्हणजे बीपीची गोळी घेतली. दोन वेण्यांची मुलगी म्हणजे रश्मी. मुलगा म्हणजे अंकुश. आमचा चौघांचा एक ग्रुप होता, 'घर' नावाचा. त्यात रोज ही चित्रं पडायची आणि बाबा बरे आहेत असं आम्ही समजायचो.

एका चित्रावरून मात्र त्यांचं आणि रश्मीचं जमलं नाही. 😂. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. गावच्या ग्रुपवर भय्याजींची आई गेल्याची बातमी आली, तेव्हा बाबांनी हा चेहरा आणि खाली जोडलेले हात पाठवले होते. भय्याजी दारात येऊन उभे राहिले. "बुढी मेली माही, अन् तू हासून राहिला काय रे डोमा?"

रश्मीने बाबांना परोपरीने सांगितलं की हा चेहरा हसण्याचा आहे.

"हासू कुठं हाये याच्यात?" बाबा फोन पुढे करून म्हणाले. "डोऱ्यातून धारा लागल्या हायेत. दात दिसते म्हनून का हासून राहिला तो? रडतानी मानसाचे दात नाही दिसत का?"

तेव्हापासून आमच्या ग्रुपपुरता त्या चेहऱ्याचा अर्थ रडणं असा ठरला. दुपारी भाताची वाटी यायची, आणि थोड्या वेळाने तो चेहरा एकटाच यायचा. कधी कधी ओळीने चार-सहा. अंकुशच्या हे कधी लक्षात राहिलं नाही. तो मीटिंगमधून उलट तेच चेहरे पाठवायचा, वर अंगठा. बाबा मजेत आहेत, एवढंच त्याला कळायचं. रश्मीला बरोबर कळायचं. ती वाचायची आणि फोन पालथा ठेवायची.

"या रविवारी जाऊन येऊ," असं म्हणायची.

रविवारी शाळेचे पेपर तपासायचे असायचे, कोणाचं बारसं असायचं, माझ्या दुकानात गिऱ्हाईक असायचं. रविवार कसे जातात हे कोणाला सांगायला नको.

२

दिवाळी झाली होती, धानाची कापणी सुरू होती. मी दुकानात एका फोनचं चार्जिंगचं सॉकेट बदलत होतो. 'घर'मध्ये बाबांचा मेसेज आला. 🍚🍚👍. भाताच्या दोन वाट्या.

म्हाताऱ्या माणसाचं बोट दोनदा पडलं, एवढंच मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचे दोन कप आले. दुपारी पुन्हा दोन वाट्या. मग हे रोजचंच झालं.

जे येतं ते दिसतं. जे यायचं बंद होतं ते लवकर दिसत नाही. आधी ते रश्मीच्या लक्षात आलं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "बाबा इतक्यात रडलेच नाहीत."

"बरं आहे ना मग."

"कोणी तरी जेवायला येत असेल त्यांच्याकडे. शकुंतलाबाईची गुड्डी येत असेल." शकुंतलाबाई म्हणजे त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, गुड्डी त्यांची मुलगी. रश्मी खरंच खूश होती. कित्येक महिन्यांचं ओझं कोणी तरी हलकं केल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

त्याच आठवड्यात एका दुपारी मेसेज आला: 🍚🍚👧.

भात, भात, मुलगी.

रश्मी तेव्हा शाळेत होती. अंकुशने लगेच लिहिलं, 'ताई, गेलीस वाटतं! 👍❤️'. संध्याकाळी ती घरी आली आणि फोन माझ्यासमोर धरला.

"आठवण येते असं म्हणायचं असेल त्यांना."

"आठवणीसाठी तू त्यांना बदाम शिकवला होतास," मी म्हणालो.

तिने फोन स्वतःकडे वळवला. अंकुशला 'मी नव्हते गेले' एवढे तीन शब्द ती लिहील म्हणून मी वाट पाहत होतो. तिने काही तरी टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. मग भावाच्या बदामाखाली तिने आपलाही एक बदाम ठेवून दिला.

३

माझा धंदाच असा की कुठल्याही गोष्टीचं कारण मी आधी फोनमध्ये शोधतो. बाबांचं खातं दुसऱ्या कोणाच्या मशीनवर उघडं राहिलं असेल, गावातलं कोणी मजा करत असेल. पण फोन हातात असल्याशिवाय ते कळणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मनात दुसरीच शंका होती. रश्मी मला न सांगता सिहोऱ्याला जात असेल का? कशाला लपवेल ती? तरी ती शंका जाईना.

दुपारी दुकानातून मी शकुंतलाबाईंना फोन लावला.

"जवाईबापू, रश्मी त रोजच येते ना!" त्या म्हणाल्या. "तुमाले मालूम नाही?"

"रोज?"

"दुपारची येते. आंगन झाडते, सयपाक करते, बुढ्याचे पाय चेपून देते. मातर माह्यासंग बोलत नाही. म्या आवाज देल्ला त वर बी पायलं नाही तिनं. मोठी मास्तरीन झाली बापा!"

"आज आली का?"

"आत्ता हाये ना. कपडे वाळू घालून राहिली. देऊ का आवाज?"

"नको," मी म्हणालो. इतक्या घाईने का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी शाळेकडे निघालो. मागच्याच गल्लीत आहे ती. खिडकीतून पाहिलं तर रश्मी वर्गात उभी होती. हातात बदकाचं चित्र, आणि पोरं बेंबीच्या देठापासून 'बदक' म्हणून ओरडत होती. मी दिसलो तशी तिने भुवया उंचावून विचारलं, काय? मी हाताने खुणावलं, काही नाही.

परत येताना आधी बरं वाटलं. ती खोटं बोलत नव्हती. दुकानाच्या पायरीपर्यंत हे बरं वाटणं टिकलं. मग पायरीवरच मी थबकलो. ती इथे बदक दाखवत होती, तर तिकडे दोरीवर कपडे कोण घालत होतं?

संध्याकाळी मी रश्मीला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "पाय चेपून देते?"

४

त्या रविवारी ना पेपर आडवे आले ना गिऱ्हाईक. सकाळीच मोटारसायकलवर निघालो, तुमसर ओलांडलं आणि सिहोऱ्याला पोहोचलो. वेशीवरच गुड्डी भेटली, मैत्रिणीसोबत गाडीवर कुठे तरी चालली होती. तिने हात केला. रश्मीने केला नाही.

अंगण सारवलेलं होतं. गोधडी धुऊन दोरीवर टाकली होती. आत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंवरची धूळ पुसलेली, समोर ताजी फुलं. सासूबाई गेल्यापासून या घराला असा हात लागलेला मी पाहिला नव्हता. बाबा खाटेवर बसले होते. दाढी केलेली, डोक्याला तेल, गालावर थोडं मांस आलेलं.

"या जवाई," ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यामागे उभ्या असलेल्या रश्मीकडे गेली. ते लगबगीने उठले, कोपऱ्यातली खुर्ची ओढली, दुपट्ट्याने पुसली आणि तिच्यासमोर ठेवली.

"बसा," ते तिला म्हणाले.

रश्मी हसली. "बाबा, मी आहे."

"हो हो. बसा ना. पानी देऊ का तुमाले?"

सर्वेक्षणाला आलेल्या बाईशी बोलावं तसे ते बोलत होते. रश्मीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. ऐकू आलं नसेल म्हणून ती जोरात ओरडली, "बाबा! मी रश्मी!"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन, बहिऱ्या माणसाला जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, "रश्मी त आत हाये ना. सयपाक करून राहिली. हे बाई कोन आनली तुमी?"

स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता. त्याच्या मागे खलबत्त्यात मिरची कुटल्याचा आवाज येत होता. संथ, हाताला सवय असलेल्या बाईचा. बांगड्या वाजत होत्या. बाबांना यातलं काहीच ऐकू येत नसणार. आम्हाला येत होतं. मग कुटणं थांबलं आणि आत कोणी तरी खोकलं.

खडूच्या धुळीने रश्मीचा घसा कायमचा धरलेला आहे. आधी दोन कोरडे खोकले, आणि तिसरा ती गिळून टाकते, दुसऱ्याची झोपमोड नको म्हणून. लग्न झाल्यापासून मी तो माझ्या उशाशी ऐकत आलोय. तोच खोकला पडद्यामागून आला. रश्मी माझ्या शेजारी तोंड मिटून उभी होती.

"कोण आहे आत?" तिने मला विचारलं. तिला तो ओळखू आला नव्हता. आपला खोकला आपल्याला बाहेरून कधी ऐकू येतो?

मी तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला, पुढे गेली आणि पडदा बाजूला केला. मी उभा होतो तिथून मला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि शेगडीवरच्या भाताची वाफ. ती ओरडली नाही. मागे सरली नाही. केजीची पोरं नवीन चित्राकडे पाहतात तशी मान थोडी कलती करून पाहत राहिली. मग पडदा हळूच सोडला, सुरकुती सरळ केली आणि वळली.

"चला," ती म्हणाली.

बाबा दारापर्यंत सोडायला आले. "पुन्हा या," ते तिला म्हणाले, हात जोडून.

तुमसरला चहाला थांबलो. मी बोलत सुटलो होतो. बाबांचा मेंदू थकलाय, विसरायला होतं या वयात, गावातली कोणी गरीब बाई येत असेल, त्यांना ती मुलगी वाटत असेल. रश्मीने सगळं ऐकून घेतलं. चहावर साय धरली तरी तिने कप उचलला नव्हता.

"तिने पाहिलं मला," ती म्हणाली. "मग भाताकडे वळली. भात लागत होता."

थोड्या वेळाने म्हणाली, "थकलेली दिसत नाही ती."

५

रश्मीने शाळेतून सुट्टी घेतली आणि एकटीच सिहोऱ्याला गेली, बाबांना घेऊन यायला. मी गाडी करून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. जाताना त्यांच्यासाठी नवं स्वेटर घेतलं. संध्याकाळच्या आत परत आली, हातात स्वेटरची पिशवी, रिकामी.

"घेतलं स्वेटर?"

"घेतलं. लय उपकार झाले तुमचे, म्हणाले." ती चपला काढत होती. "मी म्हटलं, बाबा चला माझ्याकडे. तर शकुंतलाबाईला हाक मारली त्यांनी. म्हणे, ह्या बाई सारख्या काहून येऊन राहिल्या, यायले काय पायजे ते इचार. त्या घरी नव्हत्या म्हणून बरं."

"आणि ती?"

"पाठ होती माझ्याकडे. त्यांची नखं कापून देत होती."

त्यानंतर रश्मी सिहोऱ्याला गेली नाही. मीही गेलो नाही. पोलिसात जायचं माझ्या मनात आलं होतं. काय सांगणार होतो तिथे? एका म्हाताऱ्याला कोणी तरी वेळेवर जेवू घालतंय म्हणून?

ग्रुपवर मेसेज येत राहिले. दोन कप. दोन वाट्या. गोळी. मुलगी. अंकुशचे बदाम वाढत गेले. 'ताई, तू ग्रेट आहेस', असं त्याने एकदा लिहिलं. रश्मीने त्यालाही अंगठा दिला. माझ्यासमोर ती फोन उघडायची आणि हजेरी घेतल्यासारखी म्हणायची, "जेवले." मग फोन पालथा. त्यात राग नव्हता. कधी कधी वाटायचं तिला जरा सुटल्यासारखंही वाटतंय, आणि त्या वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त चीड येतेय. रविवारी ती आता दिवसभर घरीच असायची. कामं होती, तरी कुठलंच करायची नाही.

थंडी वाढली. एका सकाळी मी नुकतंच दुकान उघडलं होतं. बाबांचा मेसेज आला. 😭🙏.

डोळ्यांतून दोन सरळ धारा, तोंड उघडं, खाली जोडलेले हात. खाली अंकुशने लिहिलं होतं, 'काय झालं बाबा?' इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा हे विचारलं होतं.

मी मान वर केली तर रश्मी दुकानाच्या पायरीवर उभी होती. शाळेतून तशीच आली होती, बोटांना खडू.

"बाबा गेले," ती म्हणाली.

"काही तरीच. हे चित्र त्यांना येत तरी होतं का?"

"नव्हतं येत." तिने फोन पर्समध्ये टाकला. "मी तिथे असते तर असाच मेसेज पाठवला असता."

६

आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांना आंघोळ घालून, पांढरे कपडे घालून अंगणात ठेवलं होतं. बायका भोवती बसल्या होत्या. रश्मीला पाहून शकुंतलाबाई उठल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या.

"कुठं गेलती वं माय आत्ता? रातभर त उशाशी बसून होती." मग बाकीच्यांकडे वळून, "शेवटचं पानी इच्याच हातचं पेला बुढा. इतकं कोन करते आजकाल? माह्या पोट्टीनं करावं असं माहं, बस."

बायकांनी माना हलवल्या. कोणी रश्मीच्या पाठीवरून हात फिरवला. 'नाही' या एका शब्दाचं काम होतं. मी तिच्याकडे पाहत होतो. तिने डोक्यावर पदर घेतला, आणि बायकांनी उशाशी मोकळी करून दिलेली जागा घेतली.

अंकुश दुपारी विमानाने नागपूरला उतरून गाडीने आला. आल्या आल्या बहिणीच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला. "ताई, तू होतीस म्हणून मी तिकडे निवांत होतो." रश्मीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. त्रिशरण-पंचशील झालं, नदीवर नेलं, परत आलो, तरी नव्हता. धक्का बसलाय, बायका म्हणाल्या. रडली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पांगले. अंकुशची गाडी दारात सुरू होती. मी घरात एकदा फिरून खिडक्या लावल्या आणि शेवटी गॅसची टाकी बंद करायला स्वयंपाकघराचा पडदा सारला.

आत भरदुपारीही अंधुक होतं. शेगडीच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून एक बाई बसली होती. गुडघे पोटाशी, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरलेला. खांदे गदगदत होते. अंगावर घरचं जुनं लुगडं होतं, कोणाचं ते कळलं नाही. घोट्यावर भाजल्याचा एक जुना व्रण होता. आमच्या लग्नाच्या वर्षी रश्मीला मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चटका बसला होता, तो.

सवयीने माझ्या तोंडातून निघून गेलं, "रश्मी."

खांदे थांबले. तोंडातला पदर निघाला. मान सावकाश माझ्याकडे वळू लागली. आधी कान दिसला, मग गालाची कड, ओली.

मी पुढचं पाहिलं नाही. पडद्यामागचं कवाड ओढलं, कडी घातली आणि बाहेर आलो.

अंगणात रश्मी शकुंतलाबाईंचे कप विसळून त्यांना परत देत होती. हात पुसत ती माझ्याकडे आली.

"गॅस बंद केला?"

"हो."

"आत कोणी आहे?"

"नाही."

तिने माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग घराचं दार ओढून घेतलं आणि कुलूप अडकवलं. तेवढ्यात आत रडण्याला तोंड फुटलं. आता पदर नव्हता, काही नव्हतं. बाप गेल्यावर मुलगी रडते तसं ते रडणं होतं, मोकळ्या गळ्याने, बापाला हाका मारत. रश्मीचा हात किल्लीवर होता. तो थांबला नाही. तिने किल्ली फिरवली, काढली, पर्समध्ये टाकली.

अंकुशने गाडीतून हॉर्न दिला.

"ओढून पाहा जरा," ती मला म्हणाली.

मी कुलूप ओढून पाहिलं. नीट लागलं होतं.